गाडी आमची, हप्ते आमचे, मग पॉलिसीवर मोबाइल नंबर शोरूमचा कसा?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले सगळे टू-व्हीलर शोरूमवाले, त्यांच्या काउंटरवरून पॉलिसी विकणाऱ्या विमा कंपन्या, आणि हैदराबादला बसून या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी आयआरडीएआय, म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, यांस

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या खोलीत एक मेसेज वाजतो. माझ्या रूममेटच्या मोबाइलवर. बाइक लोनचा हप्ता, २,९५० रुपये, खात्यातून गेला म्हणून. बाइक मात्र नाहीये. ती जुलै २०२५ मध्येच गेली, घणसोली गावठाणात आमच्या बिल्डिंगखालून, एका रात्रीत, हँडल लॉक असताना. सकाळी खाली गेलो तर जिथे गाडी असायची तिथे फक्त ऑइलचा डाग आणि शेजारच्यांची स्कूटर.

पोरगा परभणीचा, पहिलीच गाडी, पण घाबरला नाही. उलट आम्हालाच म्हणाला, अरे टेन्शन नका घेऊ, पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, शोरूमवाल्यानेच सांगितलंय. दिवाळी २०२३ ची गाडी, म्हणजे २०२८ पर्यंत चिंता नाही. एफआयआर केला, दोन्ही चाव्या, आरसी, एफआयआरची कॉपी असं सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कंपनीला फोन लावला. स्पीकरवर होता फोन, आम्ही चौघंही ऐकत होतो. पलीकडच्या बाई एकदम नम्रपणे म्हणाल्या, सर, तुमचं ओडी कव्हर नोव्हेंबर २०२४ लाच संपलेलं आहे, सध्या फक्त थर्ड पार्टी चालू आहे, त्यात चोरीचा क्लेम येत नाही.

ओडी म्हणजे काय हे आम्हा चार शिकल्यासवरल्या लोकांना त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी त्याचे सोळा हप्ते बाकी होते. सोळा गुणिले २,९५०, म्हणजे ४७,२०० रुपये, नसलेल्या गाडीचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडी रिन्यू केली असती तर फार तर बारा-पंधराशे रुपये लागले असते आणि गाडी चोरीला गेल्यावर सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या आसपास हातात आले असते. बारा-पंधराशे त्याच्याकडे होते हो. भरायचेत हेच माहिती नव्हतं. आणि का माहिती नव्हतं ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

जे माझ्यासारखे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी सोप्या भाषेत सांगतो, शोरूमवाल्यांनी दोन मिनिटं थांबावं. गाडीचा इन्शुरन्स म्हणजे एका कागदावर छापलेल्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं, कोणी जखमी झालं, दगावलं तर त्याची भरपाई. ही कायद्याने सक्तीची, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६, नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद. दुसरी ओन डॅमेज, ओडी, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. ही सक्तीची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की लोक पहिल्या वर्षानंतर विमा भरतच नाहीत, म्हणून १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची घ्यावी लागते. त्यानंतर काही काळ ओडीसुद्धा पाच वर्षांची एकत्र मिळायची, ते पॅकेज १ ऑगस्ट २०२० पासून बंद झालं. तेव्हापासून नवीन गाडीला सरसकट मिळतं ते एक अधिक पाच, ओडी एक वर्ष आणि थर्ड पार्टी पाच वर्षं.

आता शोरूममधला पोरगा हे सगळं सांगत बसत नाही. तो म्हणतो, "सर, पाच वर्षांचा फुल इन्शुरन्स आहे." हे वाक्य मी स्वतः तीन शोरूममध्ये ऐकलंय, एक ठाण्यात, दोन नवी मुंबईत. खोटं म्हणावं तर पाच वर्षांचा काहीतरी आहे खरा. खरं म्हणावं तर फुल नाही. म्हणजे ज्या विसरभोळेपणावर कोर्टाने औषध दिलं तोच विसरभोळेपणा तुम्ही दुसऱ्या दाराने परत आणला, कारण पहिल्या वर्षी ओडी संपते तेव्हा आमच्या डोक्यात अजून चार वर्षं शिल्लक असतात.

बरं, संपण्याआधी आठवण करून द्यायला मेसेज तरी? त्या रात्री आम्ही त्याच्या मोबाइलचा इनबॉक्स अख्खा खाली-वर केला. फ्री सर्व्हिसिंगचे मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, सगळं होतं, ओडी संपतेय याचा एक मेसेज नाही. मग पॉलिसीची पीडीएफ उघडली, ती त्याने गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच उघडली होती, मान्य. नाव त्याचं, चेसिस नंबर त्याचा, आणि मोबाइल नंबरच्या समोर भलताच नंबर. लावला तर शोरूममधल्या इन्शुरन्स डेस्कवर वाजला. ईमेल आयडी पण शोरूमचाच. म्हणजे कंपनीने आठवण पाठवली असेलही, ती गेली ज्याने पॉलिसी विकली त्याच्याकडे, आणि तिथे अशा शेकडो आठवणी रोज येऊन पडत असतील. का करता हे? मला कळलेलं कारण असं की रिन्यूअलचा कस्टमर दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. ठीक आहे, धंदा आहे, पण मग निदान फोन तरी करा ना राव रिन्यूअलसाठी! तोही नाही.

तक्रार केली. आधी कंपनीकडे, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. उत्तर आलं की पॉलिसी मध्यस्थाने दिलेल्या माहितीनुसार जारी केलेली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने एकदम बरोबर उत्तर. विमा लोकपालाकडे फुकटात जाता येतं हेही वाचलं, पण जाऊन सांगणार काय, जो कव्हर नव्हताच त्याचा क्लेम मागतोय म्हणून?

आता माझी गोष्ट. मी लातूर जिल्ह्यातला, महापे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, रात्री साडेअकराला सुटल्यावर बस मिळेपर्यंत जेवणाची वेळ जाते आणि रिक्षावाला घणसोलीपर्यंत जे मागेल ते. आमच्या घरात बापाची सायकल सोडली तर गाडी कधी नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि मी ठरवलं, दसऱ्याला घ्यायची. दसरा २ ऑक्टोबरला होता. आई गावाहून यायची होती, हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू अशी तिची सगळी तयारी झालेली.

रूममेटचं झालेलं समोर होतं म्हणून मी शहाणा होऊन गेलो. १२५ सीसी, एक्स-शोरूम ८४,००० च्या आसपास. कोटेशनवर एकच ओळ, इन्शुरन्स ९,१५४. मी म्हणलं ब्रेकअप द्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ब्रेकअप नसतो सर, कंपल्सरी आहे. पुन्हा मागितला, मॅनेजर आले, शेवटी एका जुन्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहून दिला. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे, तसाच उतरवतो: थर्ड पार्टी पाच वर्षं ३,८५१. ओडी एक वर्ष १,३३७. झिरो डेप ४८०. कन्झ्युमेबल २१०. रिटर्न टू इन्व्हॉइस २५०. रोडसाइड असिस्टन्स १५०. मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट पाच वर्षं १,४८०. झाले ७,७५८, त्यावर अठरा टक्के जीएसटी, ९,१५४.

यातला ३,८५१ चा आकडा तुमच्यातलं कोणीच बदलू शकत नाही. तो रस्ते वाहतूक मंत्रालयाने आयआरडीएआयशी बोलून ठरवलेला आहे, जून २०२२ चा दर, ७५ ते १५० सीसीला पाच वर्षांचे ३,८५१, त्याच्या खालच्या गाडीला २,९०१, १५० ते ३५० ला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७. सगळीकडे सारखाच. बाकी जे काही आहे ते कमी-जास्त होऊ शकतं, नको असेल तर घेतलंच नाही तरी चालतं. मी तिथेच उभा राहून मोबाइलवर बघितलं. तीच गाडी, थर्ड पार्टी ३,८५१, ओडी ६००, झिरो डेप ३२०, पर्सनल ॲक्सिडेंट एक वर्षाचा ३३०, जीएसटी धरून ६,०१९. फरक ३,१३५ रुपये. सरकारने कर कमी केला त्यातला एवढा हिस्सा तुम्ही काउंटरवरच परत काढून घेतलात.

(हे दर बघायला मी माझा मोबाइल नंबर एका वेबसाइटवर टाकला त्याची शिक्षा म्हणून पुढे अकरा दिवस फोन येत होते, एकदा तर लाइनवर मशीन चालू असताना. पण तो वेगळा विषय.)

मी म्हणलं, मी पॉलिसी बाहेरून आणतो, चेसिस नंबर द्या. मॅनेजर नाही म्हणाले नाहीत. नाही कोणीच म्हणत नाही. ते म्हणाले, आणा ना सर, फक्त मग पासिंगला आठ-दहा दिवस लागतील, दसऱ्याला डिलिव्हरी होणार नाही, आणि उद्या ॲक्सिडेंट झाला तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस बसणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आई रेल्वेचं तिकीट काढून बसलेली. मी ९,१५४ भरले.

आयआरडीएआयच्या लोकांना विचारायचंय की हे तुमच्याच २०१७ च्या नियमावलीत बसतं का? शोरूमवाल्यांना तुम्ही मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर असं भलंमोठं नाव दिलं, आणि त्याच नियमावलीत लिहिलं की ग्राहकाला विमा आमच्याकडूनच घे अशी जबरदस्ती करायची नाही. जबरदस्ती म्हणजे काय, गळा धरायला हवा का? सणाच्या आदल्या दिवशी "आठ-दहा दिवस लागतील" एवढं वाक्य पुरतं, आणि ते वाक्य कुठल्याच कागदावर सापडत नाही.

पर्सनल ॲक्सिडेंटचं अजून एक. पंधरा लाखांचा मालक-चालकाचा कव्हर सक्तीचा आहे, चांगलाच आहे, घरी बापाला शेती किती आहे ते मला माहिती आहे, मी गेलो तर तेवढाच आधार. पण जानेवारी २०१९ पासून असा नियम आहे की ज्याच्याकडे पंधरा लाखांचा दुसरा अपघात विमा आधीच आहे त्याला हा परत घ्यावा लागत नाही. मला कोणी विचारलं? आणि एक वर्षाचाही मिळतो हे कोणी सांगितलं? पाच वर्षांचा लावून टाकला. माझ्या शिफ्टमधल्या एकाकडे दोन गाड्या आहेत, दोन्हीवर त्याने हा कव्हर भरलाय. माणूस एकच आहे हो.

नवीन माणसाचा अजून एक ताप म्हणजे पत्ता. आधारवर गावचा पत्ता, राहतो घणसोलीत, गाडी हवी एमएच ४३ ला. त्यासाठी रजिस्टर केलेलं भाड्याचं ॲग्रीमेंट पाहिजे, घरमालक म्हणतात गावठाणात कोण करतं ॲग्रीमेंट. कायद्याने करायला पाहिजे हे त्यांना सांगायची माझी काय हिंमत, खोली जायची. शेवटी खर्च मी केला, त्यांनी अंगठा दिला. एवढं करून आरसीवर घणसोलीचा पत्ता आला आणि पॉलिसीवर केवायसीमधून उचललेला गावचा. दुरुस्तीला एकवीस दिवस आणि सात फोन. दर फोनला नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, सत्यनारायणाच्या कथेसारखे अध्याय.

क्लेमचंही सांगतो, आणि इथे कंपनीचं जे बरोबर आहे ते बरोबर म्हणतो. डिसेंबरमध्ये कासारवडवलीला मावशीकडे चाललो होतो, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची बारीक खडी रस्त्यावर सांडलेली, पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला आणि गाडी आडवी. मला गुडघ्याला खरचटलं तेवढंच. गाडीचा वायझर फुटला, पुढचं मडगार्ड बोल्टपाशी चिरलं, इंडिकेटर वायरवर लोंबकळत होता, हँडल वाकलं. एस्टिमेट ४,८५० रुपये. वर्कशॉपवाला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "क्लेम नका टाकू साहेब, एनसीबी जाईल, वीस टक्के नुकसान होईल."

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, वर्षभर क्लेम नाही केला की पुढच्या हप्त्यात मिळणारी सवलत. मी पण घाबरलो होतो खरं तर. वीस टक्के म्हणजे मला वाटलं नऊ हजाराचे वीस टक्के. रात्री खोलीवर बसून पीडीएफ वाचली तेव्हा कळलं की एनसीबी मिळते ती फक्त ओडीच्या रकमेवर. माझी ओडी १,३३७, त्याचे वीस टक्के २६७ रुपये. पुढच्या वर्षांना पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास टक्के अशी चढत जाणारी साखळी तुटते तीही धरली तरी काहीशे रुपड्यांच्या सवलतीसाठी ४,८५० खिशातून भरायला सांगत होता तो माणूस. का सांगत होता ते मला माहिती नाही, कागदपत्रांची कटकट नको असेल त्याला. मी क्लेम टाकला. फोटो मागितले, लायसन्स मागितलं, एकोणीस दिवस लागले, आणि शंभर रुपये सक्तीचे वजा करून बाकी ४,७५० मंजूर झाले. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारा कव्हर, होता म्हणून. नसतं तर प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे माझ्याकडून गेले असते, कारण प्लास्टिक, रबर, बॅटरी यांना पन्नास टक्के घसारा लावतात. म्हणजे झिरो डेपचे ४८० सार्थकी लागले हे मी मान्य करतो. पण ते कशाचे आहेत हे मला घेताना नाही, पडल्यावर कळलं. रिटर्न टू इन्व्हॉइस कशाला असतं ते अजून शोरूममध्ये एकानेही नीट सांगितलेलं नाही.

पावसाळ्याचं पण सांगून ठेवतो कारण कळवा-ऐरोली पट्ट्यातल्या लोकांना हे लागतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, गाडी बंद पडते, आपण काय करतो, किक मारत बसतो. तिथेच घात होतो. पुराचं नुकसान ओडीत बसतं, पण पाणी गेलेलं इंजिन परत चालू करायचा प्रयत्न केला आणि त्याने इंजिन बसलं तर ते इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचा वेगळा कव्हर, नसेल तर बसत नाही. पाण्यात बंद पडली की चालू करायची नाही, ढकलत न्यायची आणि टो करून वर्कशॉपला. हे एक वाक्य कोटेशनच्या खाली छापायला किती शाई लागते?

सेकंडहँडवाल्यांचे हाल तर विचारूच नका. ऐरोलीच्या माझ्या एका सहकाऱ्याने डोंबिवलीतून गाडी घेतली, एमएच ०५. आरसी ट्रान्सफरला फॉर्म २९, ३० सगळं केलं, पॉलिसीची वर्षभराची ओडी शिल्लक होती म्हणून खूश. इन्शुरन्स वेगळा नावावर करावा लागतो आणि त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं हे त्याला ना विकणाऱ्याने सांगितलं ना आरटीओच्या एजंटने. थर्ड पार्टी कायद्याने गाडीबरोबर आपोआप येते, ओडी येत नाही. दोन महिन्यांनी रबाळ्याला टेम्पोने ठोकलं तेव्हा क्लेम नामंजूर, कारण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि गाडी याच्या. बरं वेळेत कळवलं असतं तरी जुन्या मालकाची एनसीबी त्याच्याबरोबर जाते, ती गाडीची नसते, म्हणून फरक याने भरायचा. तो नियम मला पटतो. पण वाहन पोर्टलवर मालक बदलल्याचं सरकारला कळतं, चलन नवीन मालकाला बरोबर येतं, मग त्याच पोर्टलवरून त्याला "पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करा" एवढा मेसेज का जात नाही?

आणि शेवटचं एक फुटकळ. पीयूसी नसेल तर विमा रिन्यू होणार नाही ही २०१७ ची अट सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये काढली. तरी अजून काही ठिकाणी एजंट पीयूसीशिवाय रिन्यूअल होत नाही म्हणून सांगतात आणि लगेच बाजूच्या टपरीकडे बोट दाखवतात. पीयूसी काढायलाच पाहिजे, तो वेगळा कायदा आहे, पण त्याची विम्याशी गाठ मारून माणसाला पळवू नका.

कोणी म्हणेल की कागद वाचायचा ना मग. बरोबर आहे, वाचायला पाहिजे होता. पण पॉलिसी अठ्ठावीस पानांची, सगळी इंग्रजीत, आणि ती मिळते पैसे भरल्यावर, बहुतेक वेळा गाडी घरी आल्यावर, तीसुद्धा मागितली तर. भाजीवाला पण आधी भाव सांगतो आणि मग पिशवी भरतो.

मी विमा नको म्हणत नाही, गैरसमज नको. आमच्या गावात एकाच्या विना-इन्शुरन्स मोटरसायकलने म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं, त्या पोराच्या बापाला दीड एकर विकावं लागलं भरपाईसाठी. थर्ड पार्टी काय असते ते मी तिथे बघितलंय, तिचे ३,८५१ मी एक शब्द न बोलता भरले. माझं म्हणणं बाकीच्या पाच हजारांबद्दल आणि त्या मोबाइल नंबरबद्दल आहे.

तर मागण्या. जास्त नाहीत.

शोरूमवाल्यांनो, कोटेशनवर इन्शुरन्सची एक ओळ बंद करा. थर्ड पार्टी, ओडी, पर्सनल ॲक्सिडेंट आणि एकेक ॲड-ऑन वेगळा लिहा, मराठीत, पुढे "सक्तीचं" की "ऐच्छिक" तेही लिहा. थर्ड पार्टीचे सरकारी दर भिंतीवर लावा, ऑफरचे फलक लावता त्याच्या शेजारी जागा आहे. बाहेरून पॉलिसी आणली तर डिलिव्हरीला नेमका किती उशीर होईल आणि का, हे लेटरहेडवर सही करून द्या. देता येत नसेल तर तोंडीही सांगू नका. आणि "पाच वर्षांचा फुल इन्शुरन्स" हे वाक्य आजपासून बंद.

विमा कंपन्यांनो, पॉलिसी काढताना ग्राहकाच्या स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी गेल्याशिवाय पॉलिसी निघता कामा नये. दहा रुपयांचा रिचार्ज करायला ओटीपी लागतो, सत्तर-ऐंशी हजारांच्या गाडीच्या विम्याला का नको? एकच नंबर पन्नास पॉलिसींवर दिसतोय हे तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नसेल असं मला वाटत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दोन तारखा छापा: ओडी कधी संपते, थर्ड पार्टी कधी संपते. ओडी संपायच्या आधी एक महिना, एक आठवडा आणि एक दिवस, मराठीत मेसेज. क्लेम नाकारला तर कुठल्या कलमाने नाकारला ते मराठीत लेखी.

आयआरडीएआय, तुमच्याकडे तर एवढंच मागतो की नियम हैदराबादहून पाठवून थांबू नका. एखाद्या सणाच्या आदल्या दिवशी तुमचा माणूस साध्या कपड्यांत ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही तीन शोरूममध्ये पाठवा, गाडी घ्यायची आहे म्हणून, आणि त्याला पॉलिसी बाहेरून आणतो म्हणायला सांगा. मध्यस्थाचा नंबर टाकलेल्या जुन्या पॉलिसी शोधून त्या ग्राहकांना कळवायला कंपन्यांना मुदत घालून द्या. आणि ज्यांची ओडी अशा चुकीच्या नंबरमुळे कळल्याशिवाय संपली आणि नुकसान झालं, त्यांच्या तक्रारीला "मध्यस्थाने दिलेल्या माहितीनुसार" एवढं उत्तर चालणार नाही असं एक परिपत्रक काढा. मध्यस्थ तुमच्या परवानगीने बसलाय तिथे.

माझी स्वतःची ओडी १ ऑक्टोबर २०२६ ला संपते. ही तारीख मी कॅलेंडरवर लिहिली आहे, मोबाइलमध्ये टाकली आहे आणि आईलाही सांगून ठेवली आहे, ती विसरत नाही. या पत्राची एक प्रिंट मी माझ्या शोरूमच्या इन्शुरन्स डेस्कवर देऊन पोच घेणार आहे, एक कंपनीला आणि एक हैदराबादला रजिस्टरने.

आपला,
घणसोलीचा एक नवखा गाडीवाला, एमएच ४३

ता. क. : प्रिंट काढायला जाण्याआधी सहज म्हणून माझी स्वतःची पॉलिसी पुन्हा उघडली. पत्ता दुरुस्त झालाय. मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे माझे नाहीत.